बोटाला पाय फुटले त्याची हकिगत

तीर्थस्वरूप मामांना,

साष्टांग नमस्कारातलं एक अंग दुरुस्तीला गेलेलं आहे, तेव्हा उरलेल्या सातांचा स्वीकारावा. तुमचे गुडघे, मामींचा खोकला आणि तुमचं कानाचं मशीन, या तिघांची खुशाली कळवावी. (मशीन अजून डबीतच असतं आणि तुम्ही सगळ्यांच्या बोलण्यावर नुसती मान डोलावता, असं मामींचं म्हणणं. त्यांनी मला रागवायला सांगितलंय. पण तुम्ही त्यावरही मान डोलवाल, म्हणून रागवत नाही.)

फ्रेमसाठी काच कापताना माझ्या उजव्या हाताचं अंगठ्याजवळचं बोट, तुमच्या भाषेत काच कापायच्या हिऱ्यावर स्वार होणारं, आतल्या बाजूनं कापलं, हे तुमच्या कानावर (निदान मामींच्या) आलंच असेल. मी चिंधी बांधून कामाला लागलो, कारण रक्त थांबलं की माणूस बरा, इथवरच आपल्या घराण्याचं वैद्यकशास्त्र. जखम भरली, पण बोट वाकेना. मूठ मिटली की बाकीची मंडळी आत आणि हे एकटं बाहेर, कुणाला तरी पत्ता दाखवत असल्यासारखं. गिऱ्हाइकं मागे वळून बघायची. शेवटी ही मला डॉक्टरांकडे घेऊन गेली. ते म्हणाले, बोट ओढणारी दोरी तुटून तळहातात मागे गेली आणि आखडून बसली, आता दुसरी घालावी लागेल. मी तिला शीर म्हणालो, तर ते म्हणाले, शीर नव्हे, कंडरा. (सौम्य गृहस्थ आहेत, पण शब्दाला पक्के.) अशी एक जादा कंडरा बऱ्याच जणांच्या मनगटात असते म्हणे, आणि नसली तरी कुणाचं काही अडत नाही. अंगठा करंगळीला जुळवून मनगट वाकवलं की ती वर उठून दिसते. माझं मनगट सपाट निघालं. हिची मात्र टरारून वर आली, आणि दवाखान्यात बाकावर बसलेल्या सगळ्यांना ती दाखवून झाली. घरात जादा सामान हिच्याचकडे असतं.

मग माझ्या पोटरीतली एक बारीक कंडरा काढायचं ठरलं. आधी बोटात एक मऊ कांडी घालून वाट तयार केली, आणि काही महिन्यांनी त्याच वाटेनं पोटरीतली दोरी ओढून घेतली, पायजम्यात नाडी ओवतात तशी. हात आणि पोटरी दुखण्यापुरती बधिर केली होती, हलण्यापुरती नाही, आणि मी जागा होतो. म्हणजे जागा म्हणायचं. त्यांनी काहीतरी टोचलं होतं आणि मी इतका हलका झालो होतो, की टेबलाला बांधून ठेवा म्हणणार होतो. डोळे मिटले, तर माझं बोट एकटंच रस्त्यानं चाललेलं दिसलं, अनवाणी, कसलीही घाई नसल्यासारखं. दोन्ही बाजूंना घरं, आणि प्रत्येक खिडकीची काच मी कापलेली. बोट थांबे, काचेत स्वतःला न्याहाळी, पुढे जाई. मला फार सुख वाटलं. तेवढ्यात लांबून डॉक्टर म्हणाले, ‘‘आता बोट मिटा.’’ दोरी किती ताणून बांधायची, ते त्यांना माझ्या मिटण्यावरून ठरवायचं होतं. मी मनापासून मिटलं. हाताशी वाकलेले सगळे वाट बघत राहिले, आणि पोटरीला टाके घालणारा डॉक्टर शांतपणे म्हणाला, ‘‘इकडे हललं.’’

दुसऱ्या खेपेला बोट वाकलं. कंडरेला आठवण नसते, ती पायातून आली हे तिला ठाऊकही नाही, असं डॉक्टरांनी समजावलं. मी मान डोलावली (आपल्याकडे ती रीतच आहे). पण तेव्हापासून रोज दुपारी दुकानात माझा डोळा लागतो, भिंतीला टेकवलेल्या काचांचा उजेड छतावर पाण्यासारखा हलत राहतो आणि बोट फिरायला निघतं. जातं एकाच ठिकाणी, दुकानामागच्या आतल्या खोलीत. तिथं तुम्ही पाठ करून बसलेले असता, फ्रेमला पॉलिश करत. मी शिकत होतो तेव्हा तसेच बसायचात. मी बाहेर काचेवर हिऱ्यानं रेघ मारायचो. हिरा नीट गायला की तुम्ही मागे न बघता खाकरायचात, मग मी रेघेवर काच तोडायचो. तुम्ही गप्प राहिलात की ती हमखास वाकडी फुटायची.

आता पट्टी सुटली आहे. बोटांचे व्यायाम घेणाऱ्या बाईंनी (हसत नाहीत, पण मोजतात चोख) पेन धरायला परवानगी दिली, आणि हे पत्र त्याच बोटानं लिहितोय. ओळी भटकल्या असतील तर पायगुण समजावा. काच कापायलाही डॉक्टरांची हरकत नाही. मलाच फुरसत नाही. खिळे लहान-मोठे वेगळे करायचेत, फळ्या पुसायच्यात. ही गिऱ्हाइकांना सांगते, बोट तयार आहे, हे तयार झाले की कळवते. एकंदरीत सगळं ठीक, काळजी नसावी.

सात अंगांनी तुमचा,
भाचा

ता.क. काळजी नसावी, हे खोडायचं राहिलं. मामा, मला भीती वाटते. हिरा हातात घेतला की थरथर सुटते, आणि ती बोटाची की माझी, ते कळत नाही. हे एवढं कामच मला येतं. दोन दिवस येऊन जा. आत पाठ करून बसा, पूर्वीसारखे.

आणखी एक. ऐकू येत नाही तर माझं तिथं काय काम, असं तुम्ही दुकान सोडताना म्हणालात. त्याची सोय केली आहे. हिरा फिरला की ही तुमच्या खांद्याला हात लावील. तेव्हा खाकरायचं.

शेवटचं. पाकीट चिकटवण्याआधी राहवेना, म्हणून आत्ताच एक रेघ मारली. हिरा अगदी पूर्वीसारखा गायला. ही म्हणाली, छान झालं. पण आतून कुणी खाकरलं नाही, त्यामुळे काच अजून तोडलेली नाही, तशीच टेबलावर आहे. रेघ शिळी झाली की काच ऐकत नाही, हे तुम्हीच शिकवलंत. लवकर या.