आमेनच्या आधी

प्रिय आई,

तू विणून पाठवलेला स्वेटर मिळाला. बाह्या नेहमीसारख्या लांब आहेत. मी अजून वाढतेय असं तुला वाटतं की काय, कोण जाणे. पण ऊब छान आहे, आणि सध्या घरात असले की तोच अंगात असतो.

मी कामावर परत जाऊ लागले. चष्म्याच्या कारखान्यात माझं भिंगाच्या कडा घासायचं मशीन खिडकीपाशी होतं तिथेच आहे, फक्त आजूबाजूचे लोक माझ्याशी मी काच असल्यासारखे जपून वागतात. तू मला टकळी म्हणायचीस हे सांगितलं तर इथे कुणाला खरं वाटणार नाही. बाळ पोटातच गेलं तेव्हापासून मी कामापुरतंच बोलते. तुझा जावई बिचारा दोघांच्या वाटचं बोलतो. रविवारी चर्चला एकटाच जातो आणि परत आल्यावर कोण काय म्हणालं ते सांगत बसत नाही. शहाणा आहे. शेजारच्या बाई मात्र जिन्यात गाठून देवाची इच्छा समजावून सांगतात. मी मान डोलावते आणि वर येऊन दार लावून घेते.

मी चर्चला जात नाही हे तुझ्या कानावर आलंच असेल. तरी तू फोनवर एकदाही त्याबद्दल विचारलं नाहीस. आई, हे फक्त तुलाच जमतं, आणि ते तू कुठे शिकलीस हेही मला ठाऊक आहे.

दादा तापाने गेला, त्यानंतरच्या रविवारी तू ऑर्गन वाजवायला येणार नाहीस असं सगळे धरूनच चालले होते. तू आलीस. पाठ ताठ ठेवून बसलीस, पायांनी भाता मारत सगळी गीतं वाजवलीस, एक सूर चुकला नाही. आणि गीत संपून आमेन आलं तसे तू हात उचलून मांडीवर ठेवलेस. लोकांनी श्वास घेतलेला, तोंडं उघडलेली, आणि ऑर्गन गप्प. शेवटी मागच्या बाकावरून पाववाल्या काकांनी आपल्या जाड आवाजात आमेन ओढलं आणि बाकीचे जमेल त्या पट्टीत त्यांच्यामागे गेले. इतकं बेसूर झालं की मला हसू आलं आणि बाबांनी चिमटा काढला.

घरी बाबांनी विचारलं तेव्हा तू कांदा चिरत होतीस. मान वर न करता म्हणालीस की आमेन म्हणजे तसंच होवो, आणि जे झालं त्याला मी तसंच होवो म्हणणार नाही. मग जातेस तरी कशाला, असं बाबा म्हणाले. तर तू म्हणालीस, अबोला धरलाय, घर सोडलेलं नाही.

त्यानंतर दर रविवारी हेच. कमिटीतल्या काहींना दुसरं कुणीतरी वाजवायला हवं होतं. पाळकसाहेबांनी त्यांना गप्प केलं. म्हणाले, बाई येतात हे पुष्कळ झालं, आमेन आपण आपलं म्हणून घेऊ. आणि मंडळी खरंच शिकली. पाववाले काका सुरुवात करायचे आणि तू मांडीवर हात ठेवून ते ऐकायचीस.

मग त्या थंडीत काकांचा घसा बसला. गीत संपलं, तू हात उचललेस, आणि मागून काहीच आलं नाही. तू मान वळवून पाहिलंस. काकांनी गळ्याच्या मफलरकडे बोट दाखवलं, असे ओशाळून की जणू त्यांनीच चर्च बंद पाडलं. तू थोडी थांबलीस आणि आमेनचे ते दोन सूर वाजवलेस. कुणालाच गाता आलं नाही. म्हणून तू ते पुन्हा वाजवलेस. तेव्हा तुझे खांदे हलत होते, आणि सगळं चर्च रडत रडत आमेन म्हणालं.

वाटेत तू म्हणालीस की ते काकांसाठी वाजवलं, माणूस अडकून पडला होता. पण त्या दिवशी जेवणाआधीच्या प्रार्थनेत तू दादाचं नाव घेतलंस, तो गेल्यापासून पहिल्यांदा. मला तेव्हा वाटलं, चला, देव जिंकला. आता तसं वाटत नाही. तू त्याच्याकडे पाठ करून त्याच्याच घरात बसून राहिलीस आणि त्याने तुला बसू दिलं. एवढ्या धीराची बाई मी दुसरी पाहिलेली नाही, आणि त्या काळात तुझ्या रागाला न घाबरणारा तो एकटाच होता.

आता मुद्द्यावर येते. इथल्या पाळकांनी बाळासाठी छोटी उपासना ठेवू या का, असं विचारलंय. मी हो म्हटलंय, फक्त आई येऊन वाजवणार असेल तर. येशील ना? तू दादाला झोपवताना गुणगुणायचीस तेच गीत वाजव. आणि शेवटी, आई, आमेन वाजवू नकोस. हात मांडीवर ठेव आणि थांब. मला जमलं तर मी म्हणेन. नाही जमलं, तर तशीच बसून राहा माझ्यासोबत, तुला ते येतं.

तुझीच,
टकळी