स्मूदनिंगचा धूर

१८ एप्रिल
दिवस गेलेत, दोन महिने झाले! डॉक्टरीणबाईंसमोरच रडले. मग त्यांनी विचारलं, काम काय करता? जुन्नरला पार्लर आहे म्हटलं, तशी त्यांची भुवई वर. "केस सरळ करायचं ते धूर येणारं औषध बंद. स्वतःला नाहीच, दुसऱ्याला लावणंसुद्धा नाही. रंग आत्ता नको. साधा शांपू, खोबरेल खुशाल वापरा."

घरी सासूबाईंचं दुसरंच. "तीन महिनं तोंडातनं शबुद काढायचा न्हाई. मागल्या टायमाला गावभर सांगत सुटलीस, काय झालं?"

काय झालं ते मला विसरता येत नाही. अडीच महिन्यांचं गेलं. या वेळी गप्प बसणार.

१९ एप्रिल
पार्लरमधल्या सगळ्या बाटल्या उलट्या करून वाचल्या. अक्षरं मुंगीएवढी! पुढे पानं-फुलं, मागे जीभ वळणार नाही अशी नावं. केस सरळ करायच्या त्या स्मूदनिंगच्या डब्यावर लिहिलंय 'केमिकल फ्री'. मग डोळ्यांतून पाणी का येतं गं बाई? काळ्या मेंदीची पाकिटं पण बाजूला टाकली, तोही रंगच. हाताखालची प्रतिभा झाडता झाडता बघत होती. "ताई, परीक्षा हाय का कसली?"

२३ एप्रिल
लग्नसराई. प्रत्येक नवरीला स्मूदनिंगच हवं! बंद केलं म्हणावं, तर का ते सांगावं लागणार. मग प्रतिभालाच म्हटलं, इथून पुढे हे काम तुझं. "तुमी न्हाई करणार?" पाठ धरलीय म्हणून थाप मारली. पोर आहुप्याच्या डोंगराकडची, गेल्या वर्षीच लग्न झालेली, दोन वर्षं माझ्याकडे. कामाला नाही म्हणणं ठाऊकच नाही तिला.

२९ एप्रिल
उलट्या. थकले.

४ मे
पडद्यापलीकडे धूर, अलीकडे मी आयब्रो करत बसते. प्रतिभा सारखी खोकते. तिच्याकडे पंखा लावून दिला — लई उपकार केले जणू! तिचा डबा आज तसाच परत. "ऊन बाधलंय" म्हणाली. सकाळी खाऊन येत जा, असं खेकसलेच तिच्यावर. माझाच जीव मला नको झालाय, दुसऱ्याचं कुठं बघू?

११ मे
केसांना नुसतं खोबरेल. आरशात बघवत नाही. पार्लरवाली म्हणे! पण रक्त नाही, दुखणं नाही. अजून चार दिवस.

१५ मे
तीन महिने पुरे! सासूबाईंनी देवापुढे साखर ठेवली. "आता सांग कुणाला सांगायचं ते." पेढे घेऊनच पार्लरला गेले. पहिला प्रतिभाला दिला. तिनं हातातला ब्रश खाली ठेवला. पेढा खाईना.

"ताई, मलाबी तिसरा चालू हाय. आमच्यातबी आदी सांगत न्हाईत. धुरानं मळमळायचं, पण म्हटलं काय न्हाई व्हत — ताईंनी समद्या बाटल्या वाचल्यात."