उजवीकडचं स्वयंपाकघर

आदरणीय भावोजी यांना धाकट्या मेहुण्याचा वाकून नमस्कार.

तुमचा गुडघा आणि ताईचा राग, दोन्ही आता उतरणीला लागले असतील अशी आशा आहे. (गुडघ्याबद्दल जास्त.) आम्ही ठणठणीत. घाईत लिहितोय म्हणून अक्षराला हसू नका. भावोजी, आज मी साक्षीदाराच्या पिंजऱ्यात उभा राहिलो!

खटला तुम्हाला ठाऊकच आहे. स्वयंपाकघर दाराच्या डावीकडे ठरलेलं असताना कंत्राटदाराने ते उजवीकडे बांधलं आणि त्यापायी अख्खं घर उलटं झालं. करारभंग! तीन वर्षं घराला कुलूप आहे आणि आम्ही भाड्याच्या दोन खोल्यांत एकमेकांच्या पायांत येतोय. पण हिच्या ओट्यावर सकाळचं ऊन यायलाच हवं, म्हणून मी मागे हटलो नाही. पाडा आणि पुन्हा बांधा!

आराखडा मीच काढला होता, आरपार दिसणाऱ्या ट्रेसिंग कागदावर. (इंजिनिअरला कशाला पोसायचं?) शेगडीला गोल, पलंगाला चौकोन. अक्षर एकही नाही. घर कळायला वाचता कशाला यायला हवं? आज मी करारातली कलमं अशी धडाधड म्हटली की कारकूनसुद्धा लिहायचा थांबला. मग कंत्राटदाराच्या वकीलबाई उठल्या. आवाज अगदी मऊ. तोच कागद माझ्या हातात देऊन त्यांनी मला खालची सही वाचायला सांगितली. मी छाती काढून वाचली, माझीच होती! मग त्या म्हणाल्या, "आता गोल कुठल्या हाताला आहे?"

भावोजी, उजव्या. कागद पालटला तर गोल डावीकडे, पण सही उलटी. म्हणजे सही करताना कागद मीच पालथा धरला होता. न्यायाधीश हसले नाहीत, पण चष्मा बराच वेळ पुसत बसले. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

तरी आपण हरलेलो नाही! तडजोडीला आठवडा मिळालाय, आणि कंत्राटदार स्वयंपाकघर फुकटात हलवून द्यायला तयार आहे. एका क्षुल्लक अटीवर. ताईला नमस्कार.

तुमचा मेहुणा

ता. क. अट अशी, की त्याच्या घरी जाऊन माफी मागायची. मला ते या जन्मात जमायचं नाही. तुमचा मात्र ताईबरोबर पंचवीस वर्षांचा सराव आहे. तेव्हा माझ्या वतीने तुम्हीच या.

ता. क. २ हिने आत्ताच पत्र वाचलं. म्हणते, सकाळचं ऊन तोंडावर आलं की तिचं डोकं चढतं. उजवीकडचंच स्वयंपाकघर तिला पहिल्या दिवसापासून आवडलंय. मग तीन वर्षं गप्प का बसलीस, म्हटलं. तर म्हणाली, "तुम्ही विचारलंत कधी?" तेव्हा भावोजी, माफ्या आता दोन आहेत. मुक्कामाच्या तयारीने या.