मास्तरांच्या मापाची पेटी

ता. ४ जून

ती. दादास,
शि. सा. न. वि. वि.

जुन्या पलंगाच्या फळ्या पोचल्या. गॅलरीत झाडांसाठी पेटी करायला लाव, मास्तर रमतील, असं तू लिहिलंस. दादा, अरे, उजवा हात लुळा पडल्यापासून हे स्वतःच्या दुकानाकडे फिरकलेले नाहीत. दिवसभर भिंतीकडे तोंड. शिंप्याचा हात गेला म्हणजे शिंपीच गेला, असं एकदा म्हणाले, पुढे तेही नाही. डॉक्टर म्हणतात, हातात जीव आहे, पण वापरला नाही तर तोही जाईल.

फळ्यांवरून मात्र डावा हात फिरवला. मग टेप आणि खडू मागितला. मी धावतच आणून दिला.

वहिनींना नमस्कार. आठवण ठेवतोसच, ती अशीच ठेव.
तुझी धाकटी

ता. ९ जून

चि. धाकटीस अनेक आशीर्वाद.

खडू मागितला? मी पत्र वाचता वाचता उठून उभाच राहिलो. तुझी वहिनी म्हणाली, आता नाचू नका. मास्तरांना सांग, पेटी आहे, सदरा नव्हे. कॉलर लावत बसू नका. खुणा करू देत, फळ्या कोपऱ्यावरच्या सुताराकडून कापून घे. त्यांना जड कामाला हात लावू देऊ नकोस.

जिवाला जप आणि कळवत राहा.
तुझा दादा

ता. १७ जून

ती. दादास,
शि. सा. न. वि. वि.

आधी हसून घे. सुताराने खडूबरहुकूम फळ्या कापल्या. यांनी खिळा मारू दिला नाही; आधी सुतळीने बांधून ट्रायल! कच्चा टाका घातल्याशिवाय पक्कं करायचं नाही, हा हुकूम. मी ती पेटी गॅलरीत नेली, तर कठड्यात आणि भिंतीत मावेचना. दादा, यांनी लांब फळ्यांना दोन्ही टोकांना शिवणीची माया, दोन-दोन बोटं जास्तीची, सोडली होती! कापड आत दुमडतात तसं लाकूड कुठे दुमडणार? मी तोंडाला पदर लावला, तर हेच खो खो हसले. किती महिन्यांनी ऐकलं ते हसणं! मला रडूच फुटलं.

सुतार गावाला गेलाय. रविवारी तू करवत घेऊन ये.

मुलांना गोड पापे. माझ्यावरची माया मात्र कापू नकोस.
तुझी धाकटी

ता. २१ जून

चि. धाकटीस अनेक आशीर्वाद.

करवतीला धार लावून ठेवलीय. रविवारी सकाळीच येतो. मास्तरांना म्हणावं, गिऱ्हाईक येतंय, तयार राहा.

तुम्हा दोघांना माझं प्रेम.
तुझा दादा

ता. २३ जून

ती. दादास,
शि. सा. न. वि. वि.

रविवारी येऊ नकोस. रागावू नकोस, आधी वाच.

यांना धीर धरवला नाही. शेजाऱ्यांची करवत आणायला लावली, फळी स्टुलावर ठेवली आणि मला दाबून धरायला सांगितलं. डाव्या हाताने कापायला लागले. फळी सारखी हलायची आणि हे खेकसायचे, कापड असं धरतात का म्हणून. दुकानातल्या पोरांवर खेकसायचे ना, अगदी तसे! शेवटी चिडून डाव्या हाताने उजवा हात उचलला आणि धपकन फळीवर टाकला, इस्त्री ठेवावी तसा. पुन्हा कापायला लागले.

दादा, मी तिथेच होते, म्हणून लिहिते. आधी तो हात नुसता पडून होता. मग करवतीचा दात अडकला, फळी सरकायला लागली, आणि त्या हाताची बोटं हळूहळू फळीच्या कडेवरून खाली वळली. यांचं लक्ष खडूच्या रेघेवर. बोलले तर मोडेल असं वाटलं. मी माझा एक हात काढला, मग दुसरा.

फळी हलली नाही.

टोक तुटून खाली पडलं तेव्हा यांनी मान वर केली. माझे हात माझ्याच तोंडावर होते. मग यांनी खाली फळीकडे बघितलं. किती वेळ बघत राहिले, दादा! आणि मग हळूच म्हणाले की दुसरी फळी आण, पण धरू नकोस.

आजवर दिलास तसाच जीव आम्हाला लाव. हे हाक मारताहेत, म्हणून इथेच थांबते.
तुझी धाकटी