कोवळे चिकू, माझ्या हुकमावरून

१२ जानेवारी, घोलवड.
प्रविण आज टपरीवर चारचौघांत म्हणाला, तू बायकोच्या अंडर द थंब आहेस. मी सगळ्यांत मोठ्याने हसलो. घरी येऊन डिक्शनरी पाहिली. पुरता ताब्यात, असा अर्थ. हसायला नको होतं.
संकल्प: या आठवड्यात वाडीतला एक निर्णय मी एकट्याने घेणार. वाडी सासऱ्यांची आहे, ही टेक्निकल बाब.

१३ जानेवारी.
निर्णय लांबला. जयश्री घरी होती.

१५ जानेवारी, सकाळी ७.
जयश्री दोन दिवस वाणगावला, बहिणीकडे. सुकीबाईला सांगितलं, विहिरीकडचे चिकू आजच तोडायचे. ती वीस वर्षं आमची तोडणी करते. तिने एक फळ नखाने खरवडून आतला हिरवा रंग दाखवला. शेठ, कच्चं आहे, ताईंना विचारलं का? म्हटलं, इथे शेठ कोण? ती म्हणाली, म्हणून तर विचारते.
आवाज चढवला. ती फोन घेऊन झाडांमागे गेली, आली, कामाला लागली. मी सावलीतून देखरेख केली. चारच क्रेट भरले. असो. प्रविणला फोटो पाठवला.

१७ जानेवारी.
व्यापाऱ्याने चारही क्रेट परत पाठवले. इतके कोवळे पिकायचेच नाहीत म्हणे.
दुपारी जयश्री आली. हे कोणी तोडायला लावले? माझ्या तोंडून निघून गेलं, सुकीबाईने, माझं ऐकलंच नाही. सुकीबाई तिथेच क्रेट धूत होती. माझ्याकडे एकदा पाहिलं. मग म्हणाली, हो ताई, माझंच चुकलं.
खरं उद्या सांगेन. आज जयश्री प्रवासाने दमली आहे.

१८ जानेवारी.
सुकीबाई आली नाही. जयश्रीने काढलं असेल का? विचारवेना. तिच्या पाड्यावर निघालो होतो, चप्पल सापडेना. सापडली तेव्हा ऊन फार होतं.

१९ जानेवारी.
गेलो. सुकीबाई अंगणात तांदूळ पाखडत होती. माफी मागितली. कोणी न सांगता, आयुष्यात प्रथमच.
ती म्हणाली, बसा शेठ. त्या दिवशी मी ताईंनाच फोन केलेला. त्या म्हणाल्या, एकाच झाडाचे तोड, त्यांची हौस फिटू दे.
मग कामावर का येत नाहीस?
ताईंनी भरपगारी सुट्टी दिलीय. म्हणाल्या, शेठ माफी मागायला येईपर्यंत घरीच बस. दोन दिवस लावलेत तुम्ही.
तिच्याकडे बघवलं नाही.
घरी आलो. जयश्रीने ताट वाढलेलंच होतं. जेवून घ्या, म्हणाली. भूक नव्हती. जेवलो.