जोतिबाच्या चढावर तीन अमेरिकन गाड्या

तीर्थस्वरूप बाळासो दाजींच्या चरणी,

उदयसिंहाचा कोल्हापूरहून दंडवत. मुरगुडात आपली तब्येत, दुभत्या म्हशी आणि आक्काचे गुडघे ठणठणीत असतील, अशी आशा करतो. (क्रम चुकला असेल तर आक्काने मनावर घेऊ नये. बहिणीचा राग मला परवडत नाही.) इकडे आम्हीही बरे आहोत. कंबर, मान आणि अमेरिकेबद्दलचा आदर, एवढ्या तीन गोष्टी तेवढ्या कामातून गेल्या. फोनच केला असता, पण फोनवर आपण ‘बरं, बरं’ म्हणून आक्काच्या हातात देता आणि मूळ विषय म्हशींवर जातो.

तर आमच्या राजवीरचं लग्न एकदाचं ठरलं. आजऱ्याची अनुजा. पोरगी गुणी आहे, आमच्या पोरात तिने काय पाहिलं हे विचारण्याचं धाडस मी केलेलं नाही. स्थळं बघून बघून आमच्या चपला झिजल्या, तेव्हा आमच्या सौभाग्यवती तानाबाईने जोतिबाला नवस बोलला होता, की लग्न जमलं तर जोडप्याला मांडवातून थेट देवाच्या पायऱ्यांशी नेईन, वाटेत त्यांचा पाय जमिनीला लागू देणार नाही. इथवर ठीक होतं. पण चिरंजीवांनी मोबाईलवर कसल्यातरी वराती बघितल्या आणि जाहीर केलं, की वरात निघेल ती जुन्या लांबलचक अमेरिकन गाडीतूनच. म्हणजे जी गाडी बँडमागे मुंगीच्या चालीने चालेल, तीच पुढे जोतिबाचा डोंगर चढली पाहिजे. नाहीतर नवस मोडला. तानाबाई त्या काळजीने खरोखर जेवत नाही हो. नवस फेडायचा राहिला तर पोराच्या संसाराला काहीतरी होईल, एवढंच तिच्या डोक्यात बसलंय. म्हणून मी ठरवलं, की गाडी निवडायची ती आधी तानाबाईला मागे बसवून, डोंगर चढवून. माझं टायरचं दुकान असल्यामुळे गाडीकडे मी खालून बघतो, वरच्या चकाकीला भुलत नाही. (निदान भुलत नव्हतो.)

पहिली पॅकार्ड. मालक विजयसिंह, पणजोबांच्या फेट्यावर अजून जगतात. गाडीच्या नाकावर पंख पसरलेला एक पक्षी आहे, आणि सगळ्या गाडीत उडण्याची इच्छा असलेला तेवढा तो एकच. बॉनेट इतकं लांब, की पुढचा भाग केर्लीला पोचतो तेव्हा ड्रायव्हर अजून पंचगंगेच्या पुलावर असतो. विजयसिंह सांगत होते, ही साहेबलोकांची गाडी, हिचा आवाजच येत नाही. चालू केली तर आमच्या शेजारची दोन्ही कुत्री घर सोडून पळाली. बॉनेट उघडून बघतो तर आत भंगारातल्या जीपचं डिझेल इंजिन! आता यात त्या पॅकार्डचा काय दोष? राजघराण्यातल्या सुनेला गुऱ्हाळात राबायला लावलं, तर ती गाणं म्हणेल का? चढ सुरू होतो तिथेच तिने मान टाकली. वरून येणारे भाविक थांबून विचारत होते, ‘‘पावणं, ढकलू का हिथंच पुजा करताय?’’

दुसरी कॅडिलॅक, सिनेमाच्या शूटिंगला भाड्याने जाणारी. हिला मागे माशासारखे दोन पर आहेत. का आहेत हे मालकालाही माहीत नाही, पण पुसतो मात्र दिवसभर. रंग गुलाबी. (आमचे चिरंजीव या रंगावर लट्टू. मी काही बोललो नाही, लग्न मोडेल म्हणून.) डावीकडे स्टिअरिंग असल्याने ड्रायव्हरला समोरून येणारं काही दिसेना. म्हणून उजवीकडे बसून ‘‘येऊ दे, येऊ दे... आरं थांब की!’’ असं ओरडण्याचं काम माझ्याकडे आलं. गाडी चढत होती, खोटं बोलणार नाही. पण वळणावर ती आडवी झाली ती झालीच. शेपूट कठड्यावर, तोंड डोंगरात, मागे दोन एसट्या आणि यात्रेकरूंच्या जीपगाड्या, आणि त्या सर्वांच्या तोंडी माझे दिवंगत वडील. एवढं सोसून मालकाची अट काय, तर वर गाडीत गुलाल पडता कामा नये! जोतिबाला जाऊन गुलाल नको म्हणणारा माणूस मी आयुष्यात पहिल्यांदा बघितला. तानाबाईने त्याला तिथल्या तिथे असं काही सुनावलं, की पर पुसायचा फडका त्याच्या हातातून पडला.

तिसरी लिंकन कॉन्टिनेंटल. काळी, चौकोनी, बिनपरांची. मागची दारं उलटी उघडतात, म्हणजे माणूस गाडीत बसत नाही, कपाटात शिरतो. पेट्रोल असं पिते, की पंपावरचा माणूस तिला बघून उठून उभा राहतो. चढावर निम्म्यात पोचली आणि नाकातून वाफ सोडू लागली. वय झालंय, चालायचंच. मी शिव्यांना सुरुवात करणार, तेवढ्यात मागे बघितलं. तानाबाईने चपला काढून पाय लांब केले होते आणि डोकं मागे टेकून डोळे मिटले होते. दाजी, ही बाई कुठल्याही गाडीत ड्रायव्हरला गाडी शिकवते. ती गप्प होती. मी म्हटलं, ‘‘उतर, गाडी तापलीय.’’ तर म्हणते कशी, ‘‘तापू दे की. जरा बसूया.’’ मग मीही बसलो. वाफ जात होती, खाली ऊस दिसत होता, आणि खरं सांगतो, मला फार बरं वाटलं. तेव्हा एवढ्या नाटकी गाड्यांत त्यातल्या त्यात हीच बरी, असा निकाल मी दिलेला आहे.

आक्काला नमस्कार. लग्नाला दोन दिवस आधी यावं.

आपला,
उदयसिंह

ता. क. लिंकनचा मालक तयार आहे, पण चढावर इंजिन चालू करायचं नाही म्हणतो. तरी आपला ट्रॅक्टर आणि जाड दोर घेऊन यावं. ट्रॅक्टर आपणच चालवावा, फेटा आमच्याकडून. व्याह्यांना मी सांगून ठेवलंय, की वरातीपुढे ट्रॅक्टर ही आमच्या घराण्याची जुनी पद्धत आहे.

ता. क. २. अनुजाचा आत्ताच आजऱ्याहून फोन आला. बंद गाडीत बसलं की तिला गाडी लागते, उलट्या होतात. ती म्हणते, ‘‘मामंजी, मी ट्रॅक्टरवरच बसते की, पाय कुठं जमिनीला लागत्यात?’’ राजवीर तिच्या शब्दाबाहेर नाही, म्हणजे तोही ट्रॅक्टरवर. तानाबाईने नवस तपासून होकार दिला. आता लिंकनची गरजच उरली नाही, असं आपण म्हणाल.

ता. क. ३. म्हणू नये. आमच्या लग्नात आम्ही जोतिबाला एसटीतून उभ्याने गेलो होतो, तानाबाईचा शालू दारात अडकून फाटला होता. तेव्हा दोर घट्ट बांधावा, आणि ट्रॅक्टर हळू चालवावा. मागे आम्ही दोघं बसणार आहोत.