पाचच्या पुढचा अर्धा फेरा

मी, सायकलच्या दुकानाचा मालक, वय एकाहत्तर, हे लिखाण स्वखुशीने व कोणाच्याही दडपणाशिवाय करीत आहे. छातीने दगा दिला आहे. डोके आणि कान शाबूत आहेत. फुटपाथवरच्या एका पंपापासून जे उभे केले ते सर्व स्वकष्टार्जित असल्याने त्याची वाटणी मी एकटाच ठरवणार.

१. राहते घर व बँकेतील शिल्लक सूनबाईस. तिने पुन्हा लग्न केले तरी तिचा हक्क अबाधित राहील. माझ्या धाकट्या भावाने मध्ये पडू नये. माझा मुलगा गेला त्याच आठवड्यात तो बाहेर कोणाला तरी हे दुकान विकत घेणार का, असे विचारत होता. मी आतून ऐकले. त्याला माझी छत्री द्यावी. ती गळते.

२. दुकान, सर्व हत्यारांसह, माझ्या दुकानातल्या मिस्त्रीला. कारण लिहिणे भाग आहे.

मुलगा शर्यतीत उतरायचा. त्याला कार्बनचे हँडल हवे होते. मी स्टीलचे पुढे केले. स्टील जड, पण लवते. मोडण्याआधी वाकून सांगते. कार्बन हलके आणि ताठ, पण जास्त आवळले की आतून तडकते आणि वरून दिसत नाही.

"बाबा, हे हँडल आहे की खिडकीचा गज? चारशे ग्रॅम जास्त आहे!"

शेवटी कार्बनच आले. किती आवळले त्याचा आकडा दाखवणाऱ्या पान्याने मिस्त्रीने हँडलचा बोल्ट बरोबर पाचवर थांबवला. "मालक, आता याला हात लावू नका."

"बावीस वर्षं माझ्याकडे शिकलास, आता मलाच शिकव!"

तो चहाला गेल्यावर मी, स्टीलला देतो तसा, हाताच्या अंदाजाने आणखी अर्धा फेरा दिला. बारीकशी 'टक्' ऐकू आली. ती कुठून आली ते मला कळले होते. पण पुन्हा उघडले असते तर मिस्त्रीचे खरे ठरले असते.

तिसऱ्या दिवशी उतारावर हँडल बोल्टपाशीच मोडले. मुलगा जागीच गेला.

सगळे म्हणाले, मिस्त्रीने जास्त आवळले. सूनबाई त्याला पाहून दार लावते. तोही म्हणतो, "आकडा माझ्याकडूनच चुकला असेल, मालक." आठ वर्षे तो नुसती पंक्चरे काढतो, हँडलला हात लावत नाही. आठ वर्षे रोज सकाळी त्याच्यासमोर मी तोंड उघडले, आणि चहा मागितला.

३. वरील कलम माझे प्रेत घरात असतानाच, दुकानाच्या दारात, सूनबाई व गल्लीतल्या माणसांसमोर मोठ्याने वाचावे. मला पोहोचवायला यायचे की नाही ते मिस्त्रीने ठरवावे. कोणी आग्रह करू नये.

४. आज साक्षीसाठी तोच आधी आला होता. "द्या मालक, मी करतो सही."

"तुझी चालणार नाही. ज्याला मिळायचं त्याची साक्ष धरत नाहीत."

तो हसला. "मला काय मिळायचंय?"

कागद दोघांच्या मध्ये उघडा होता. मी म्हणालो, "जा, दुकान उघड." तो गेला.

लिहून देणार: दुकानमालक (सही)
साक्षीदार: १) समोरचे औषधवाले (सही) २) वरच्या मजल्यावरच्या शिक्षिकाबाई (सही)
ठिकाण: राहते घर, मागची खोली
दिनांक: ९ ऑक्टोबर २०२३, सकाळी साडेनऊ